भिंत नसलेल्या बागेची देवडी

चौतीस वर्षं मी पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढली. त्यातली निम्मी तरी गेटांची असतील. मोठमोठ्या सोसायट्यांची गेटं, दोन्हीकडे ग्रॅनाइटचे खांब, वर सोनेरी अक्षरं, आणि कोपऱ्यात वॉचमनची केबिन. ही केबिन नेहमी सगळ्यात शेवटी यायची. साहेब म्हणायचे, "उरलेल्या जागेत बसवून टाका हो." मग मी चार बाय पाचचं ते खोकं उरलेल्या जागेत बसवून टाकायची. आत बसलेल्या माणसाला पाय लांब करता येणार नाहीत, हे मला दिसायचं. तरी बसवायची.

निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात माझी नणंद वसू हिनं एक फोटो दाखवला. तिची एक मैत्रीण नांदेडला असते आणि वसमतकडून हळद मागवून आम्हाला पाठवते. हळदीच्या शेताचा फोटो होता, आणि शेताच्या मधोमध एकटी देवडी उभी होती. देवडी म्हणजे जुन्या वाड्याच्या किंवा बागेच्या तोंडाशी असते ती, मधे दार आणि दोन्हीकडे पहारेकऱ्यांच्या खोल्या. इथं मात्र वाडा नव्हता, बागेची भिंत नव्हती, काही नव्हतं. फक्त दार, आणि दारात एक म्हातारा बाजेवर बसलेला.

मी म्हटलं, जायचं. वसू म्हणाली, "वहिनी, कुठं आहे ते तरी विचार." आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, की दार बघायला पाचशे किलोमीटर जाणारी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली नाहीत. वसूला नवीन गावचं जेवण हवं होतं आणि मला ते दार. आमचं दोघींचं अशा बाबतीत कधी भांडण होत नाही.

पुण्याहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं वसमत. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वसूनं सबंध प्रवासात वाचलेल्या पैशांची भजी खाल्ली. वसमतला बसस्थानकाजवळ खोली मिळाली, नऊशे रुपये रोज, गरम पाणी सकाळी सात ते आठ. चादरी स्वतःच्या न्या, एवढंच सांगते. जेवण मात्र झकास. ज्वारीची भाकरी, पातळ वरण, शेंगदाण्याचा ठेचा आणि हिरव्या हरभऱ्याची उसळ, नव्वद रुपयांत पोटभर. फेब्रुवारीत गेलात तर अंगणाअंगणात हळद शिजत असते. वाफेच्या टाकीत ओल्या हळकुंडांचा वास इतका दाट उठतो की दुसऱ्या दिवशी आमच्या केसांना तोच वास होता. पांढरे कपडे नेऊ नका. मी नेले होते.

रिक्षा दिवसभरासाठी ठरवली, बाराशे रुपयांत. कुरुंद्याच्या रस्त्यानं काही अंतर जाऊन डावीकडे कच्ची वाट लागते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते कुणाचं तरी राहतं घर आहे, आणि रविवारी तिथं सेल्फीची रांग लागलेली मला आवडणार नाही. खरंच जायचं असेल तर मला विचारा, मी आधी त्यांना विचारीन.

वाट वळली आणि ती दिसली. फोटोत वाटली त्याहून लहान. खालचा कमरेएवढा भाग काळ्या दगडाचा, वर चुन्यात बांधलेली वीट, मधे पाकळ्यांची महिरप असलेली कमान. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदाराची इथं बाग होती, बागेत बंगला होता. बंगला कधीच पडला, भिंतीचे दगड लोकांनी विहिरींना नेले. देवडी राहिली, कारण तिच्यात माणसं राहत होती.

बाजेवरचा म्हातारा म्हणजे गफूरचाचा. त्यांचे आजोबा, वडील आणि ते, तिघेही याच दाराचे पहारेकरी. जमीन आता गोदाताईंची. साठीच्या आसपासच्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. त्यांच्या सासऱ्यांनी जमीन घेतली तेव्हा देवडी आणि पहारेकरी दोन्ही तिथंच होते. कुणी कुणाला हलवलं नाही. गोदाताई चाचांना भाऊ म्हणतात.

चाचा रोज उजाडताना दार उघडतात आणि दिवेलागणीला लावतात. दार सागवानी, बोटभर खिळ्यांचं, अडसरासकट. दोन्ही बाजूंना मोकळं रान. ट्रॅक्टर शेजारून जातो, शेळ्या शेजारून जातात.

वसूला असं काही दिसलं की राहवत नाही. "चाचा, भिंतच नाही, मग दार कशाला लावता?"

"भिंत गेली ते बराबर हाय बाई," चाचा म्हणाले. "पर दार लावू नको म्हनून मला कुनी सांगितलंच न्हाई."

मी पिशवीतून टेप काढला. वसूला एक टोक धरायला दिलं आणि कामाला लागले. एकेक माप वहीत उतरवत गेले. कमानीच्या आत डाव्या हाताला छातीच्या उंचीवर एक लांब दगड बाहेर काढलेला होता. तो कशासाठी ते मला कळेना. गोदाताईंनी डोक्यावरचं पेंडीचं पोतं न वाकता, कुणाची मदत न घेता सरळ त्या दगडावर टेकवलं आणि घाम पुसला. उजवीकडच्या खोलीच्या भिंतीत एक तिरका झरोका होता. रस्त्यावरून बघणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही, पण आत बाजेवर पडल्या पडल्या येणारा माणूस दिसतो. हे चाचांनीच सांगितलं; त्यांच्या आजोबांना दम्याचा त्रास होता, ते पडूनच पहारा द्यायचे. म्हणजे ज्यानं कुणी ही देवडी बांधली, त्यानं ओझेकऱ्याची छाती आणि पहारेकऱ्याचं अंथरूण आधी मोजलं होतं. मला माझ्या केबिना आठवल्या आणि लाज वाटली. खरंच वाटली.

एक गोष्ट खटकली. ज्या खोलीत तो झरोका, त्या खोलीचं दार चाचांनी उघडलं नाही. डावीकडची खोली शेतीच्या अवजारांनी भरलेली, आणि त्यांची बाज, गोधडी, औषधाची पिशवी, सगळं कमानीखाली बाहेर होतं. दुपारी भाकरी खाताना मी गोदाताईंना विचारलं.

"त्या खोलीत ओल हाय वो ताई," त्या म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात भाऊला खोकल्यानं पार दवाखान्यात नेलं. आता त्याचं पोरगं हिंगोलीला घेऊन जाऊन राहिलं. परवा हळदीचं पहिलं पोतं दारातून गेलं की भाऊ बी जानार."

"आणि मग दार?"

"मंग काय," असं म्हणून त्या उठल्या आणि हळद उलथायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चाचांचा मुलगा सलीम हिंगोलीहून मोटारसायकलवर आला. तिशीतला, फरशी बसवण्याचं काम करतो, स्वच्छ माणूस. मी मापं घेतेय म्हटल्यावर त्यानं आपणहून खोली उघडली.

"आंटी, हे सगळं मी केलं. एकट्यानं. दोन वर्षं झाली."

आत चारी भिंतींना गुळगुळीत सिमेंटचं प्लास्टर होतं, कोपरे सुतात, खाली वीतभर निळ्या फरशीची पट्टी, वर पांढरा रंग. काम इतकं नेटकं की आमच्या साहेबांनी मान डोलावली असती. आणि सगळीकडून फुगवटे आले होते. रंगाचे पापुद्रे सुटले होते, भिंतीतल्या मिठाचा पांढरा लोणा फुटला होता, कोंदट वास येत होता.

"बिल्डिंगच सडली आंटी," सलीम म्हणाला. "किती केलं तरी जुनं ते जुनंच. अब्बाला इथं ठेवून पुढचा पावसाळा काढायची माझी हिंमत न्हाई."

मी कमानीखालच्या जुन्या भिंतीवर हात ठेवला. तिला कुणी हात लावलेला नव्हता. कोरडी, टणक. चुन्याची भिंत जमिनीतली ओल पिते आणि वाऱ्याला सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा कोट चढवला की ओल आतच कोंडते, वर चढते आणि अंथरुणापर्यंत येते. देवडीला काही झालेलं नव्हतं. मुलानं बापासाठी जीव ओतून जे केलं, तेच बापाच्या छातीवर बसलं होतं. हे सलीमला कसं सांगायचं ते मला कळेना.

तेवढ्यात चाचा म्हणाले, "बाई, वरची गच्ची बघायची व्हती ना? चला." भिंतीच्या जाडीत कोरलेला अकरा पायऱ्यांचा जिना. ते पुढं, मी मागं, दर तीन पायऱ्यांना थांबत. वर एक कंदील आणि एक माणूस मावेल एवढी गच्ची. चाचा कठड्याला टेकले आणि दम सावरून म्हणाले, "तुमच्या तोंडावर दिसलं मला. तुमाला कळलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी चुना दळायच्या घाणीवर वाढलो बाई. बाप पहारा करायचा अन् चुना बी मळायचा. पोरानं पहिली पाटी सिमेंटची मारली तवाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

चाचांनी खाली बघितलं. सलीम गोदाताईंची ओल्या हळदीची पोती उचलून देत होता. "लोकायच्या घरी फरश्या बसवत फिरतो त्यो. आपल्या बापाचं घर पहिल्यांदा करून राहिला व्हता. तीन दिस जेवाया बी उठला न्हाई. झाल्यावर मला हात धरून आत नेलं, म्हनला, अब्बा, बघा. त्याला मी काय म्हनू? काहून म्हनू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बी काही म्हनू नका त्याला."

मी मान हलवली. ती कशी हलवली ते मला आज नीट सांगता येणार नाही. हो म्हणून असावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औंढ्याला गेलो. नागनाथाचं देऊळ बघाच, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघताना मान दुखून येते. गाभाऱ्यात उतरायची जागा फार अरुंद आहे, गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच नमस्कार करा. परतताना जवळा बाजारला आठवडी बाजार लागला, तिथं तीस रुपयांत ताटलीभर गरम भजी मिळाली. हे सगळं नीट पाहिलं असतं, तर चार ओळी जास्त लिहिल्या असत्या. पण आम्ही दोघी सकाळपासून भांडत होतो.

"तो माणूस आज घर सोडणार, चुकीच्या कारणासाठी," वसू म्हणाली, "आणि तू देवडीचं चित्र काढून पुण्याला जाणार?"

"शब्द दिलाय मी."

"मान हलवलीस. शब्द वेगळा."

"आणि सलीमला काय वाटेल?"

"वाईट वाटेल. आणि पुढं बाप गेल्यावर कळलं तर काय वाटेल, त्याचाही विचार कर."

वसू एरवी वायफळ बोलते, या वेळी मुद्द्याचं बोलली. मी रिक्षा देवडीकडे वळवायला सांगितली.

दुपारी देवडीवर पोचलो तेव्हा दार बंद होतं. भरदिवसा. गोदाताई डोक्यावर वाळलेल्या हळदीचं पोतं घेऊन आतल्या बाजूला उभ्या होत्या. दाराच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याकडे, चाचा. सलीमची मोटारसायकल तिथंच होती, मागं चाचांची पत्र्याची पेटी बांधलेली.

"कोन हाय?" चाचांनी दाराआडून विचारलं. दोन पावलं बाजूला सरकले असते तर दिसल्या असत्या.

"गोदा हाय."

"काय नेऊन राहिली?"

"बागेचा माल हाय. पयला."

अडसर सरकला, दार उघडलं. गोदाताई कमानीत आल्या, पोतं त्या दगडावर टेकवलं, चिमूटभर हळद चाचांच्या हातावर ठेवली. चाचांनी ती कमानीच्या कोनाड्यात ठेवली. दरवर्षी असंच होतं म्हणे, जहागीरदाराच्या काळापासून. एरवी हसत होत असणार. त्या दिवशी कुणी हसलं नाही. गोदाताईंनी पदरानं तोंड पुसलं ते घामासाठी नव्हतं.

सलीम कमानीत उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "सलीम, एक काम करशील? फरशी बसवल्यावर पोकळ राहिली का ते तू कसं बघतोस?"

"ठोकून. आवाजावरून कळतं."

"ही भिंत ठोकून बघ. आणि मग तुझ्या खोलीतली. मला वहीत लिहायचंय." चाचा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्यानं खिशातल्या किल्लीच्या टोकानं कमानीतली जुनी भिंत ठोकली. भरीव आवाज. मग खोलीत गेला. टक. टक. पोकळ. दुसरी भिंत, पोकळ. तिसरी. तो खाली बसला, फरशीच्या पट्टीच्या वर कान लावला, परत ठोकलं. एक फुगवटा नखानं उचलला, पापुद्रा हातात आला. मागची वीट ओलसर काळी दिसली. त्याला हे काम येत होतं, त्यामुळे कुणी काही सांगायची गरज नव्हती.

बाहेर आला तो सरळ बापासमोर. बाप-लेक आपसात घरच्या बोलीत बोलत. "अब्बा, तुमको मालूम था?"

चाचांनी हाताची हळद पुसली.

"मालूम था ना? फिर बोले कायकू नहीं?"

"तू खुश था बेटा," चाचा म्हणाले.

सलीमनं पेटी सोडून बाजेजवळ ठेवली, मोटारसायकल सुरू केली आणि गेला. आमच्याकडे बघितलंही नाही. गोदाताईंनी चहा टाकला होता, तो तसाच राहिला. चाचा मला एवढंच म्हणाले, "तुमी बोलल्या न्हाईत. ते बराबर हाय. पर केलं तुमीच." मी माफी मागितली. ते म्हणाले, तकलीफ करून घेऊ नका. त्यामुळे जास्तच झाली.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. खर्चाचं विचाराल तर दोघींचा मिळून चार दिवसांचा रेल्वेसकट नऊ हजारांच्या आत झाला. घरी आल्यावर मी देवडीचं ड्रॉइंग काढलं, हातानं, शाईनं. आयुष्यात इतकं चांगलं ड्रॉइंग मी काढलेलं नाही. तरी ते पाहिलं की समाधान वाटायच्या ऐवजी सलीमची पाठ आठवायची. प्रवासातून काय राहिलं असं लोक विचारतात. माझ्याजवळ बरेच दिवस हेच राहिलं, की दुसऱ्याच्या घरात जाऊन आपण खरं सांगितलं आणि निघून आलो. वसूला मी एकदा म्हटलं, तुझ्यामुळे झालं. ती म्हणाली, बरं. तिनं वाद घातला नाही, म्हणजे तिलाही ते लागलं असणार.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी फोन आला.

"आंटी, मी सलीम. सगळं काढलं."

महिनाभर तो देवडीकडे फिरकला नव्हता. मग एका रविवारी छिन्नी घेऊन गेला, आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी. खड्ड्यात चुना भिजवला, गुळाचं पाणी, बेलफळाचं पाणी, उडदाची खळ. घाणी आता कुठं मिळायची? गोदाताईंच्या मोठ्या पाट्यावर हातानं रगडलं, तळव्यांची साल निघाली. चाचा बाजेवर बसून सांगत होते, चुकलं की ओरडत होते. "सोळा वर्षं फरश्या बसवून राहिलो आंटी, येवढ्या शिव्या कुनी दिल्या न्हाईत," तो म्हणाला, आणि हसला. बाज आता आत गेली होती, झरोक्याखाली. हिंगोलीला कुणी जाणार नव्हतं.

वसूनं फोन काढून घ्यायला हात पुढं केला, मी दिला नाही.

"एक इचारायचं व्हतं," सलीम म्हणाला. "उशापाशी हातभर सिमेंट राहून गेलंय. अब्बा काढू देत न्हाईत. छिन्नी लावली की माझा हात धरतेत. म्हनतेत, येवढं राहू दे, हे तुझं हाय." तो थांबला. "तेवढ्यात ओल धरंल का आंटी?"

मी जन्मभर अशा प्रश्नांची उत्तरं मिलिमीटरमध्ये दिली आहेत.

"धरेल," मी म्हटलं. "थोडी."

"मंग काय करू?"

पलीकडे चाचा खोकत नव्हते. बाई काय म्हनतेत, असं विचारत होते.

"राहू दे," मी म्हटलं.